आरपीएमचा आकडा एकटा पुरेसा नाही : ब्लूटूथ ओबीडी ॲडॉप्टरचे परीक्षण

गाडी कशी चालवली म्हणजे इंजिन जास्त टिकते, या प्रश्नावर मते पुष्कळ आहेत आणि मोजमाप फार थोडे. एक मत असे की इंजिन जितके हळू फिरेल तितके ते कमी झिजेल, म्हणून गिअर शक्य तितक्या लवकर वर टाकावा. दुसरे मत असे की सतत दबकून चालवलेल्या इंजिनात काजळी साचते, म्हणून गाडी अधूनमधून मोकळी ताणावी. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे; पण दोन्ही फक्त आरपीएमच्या (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) काट्याकडे पाहून बनलेली आहेत आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ब्लूटूथवर चालणारा ओबीडी ॲडॉप्टर, म्हणजे गाडीच्या निदान-सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे मोबाइलवर दाखवणारे उपकरण, वापरायला लागल्यापासून या काट्याच्या जोडीला आणखी दोन आकडे पाहायची मला सवय लागली, आणि त्या सवयीमुळे माझी गिअर बदलण्याची पद्धतच बदलली. म्हणून या लहानशा उपकरणाचे गुणदोष सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ ही प्रमाणित निदानव्यवस्था सक्तीची झाली, युरोपात ती पेट्रोल गाड्यांना २००१ पासून लागू झाली, आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी हीच पद्धत स्वीकारली. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास १६ पिनांचे सॉकेट असते. मेकॅनिक आपले स्कॅनर जोडतो ते हेच. त्यात मुठीत मावणारा हा ॲडॉप्टर बसवायचा, इग्निशन चालू करायचे आणि मोबाइलमधल्या ॲपशी जोडणी करायची. इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) स्वतःच्या कामासाठी जे आकडे सतत वाचत असतो, त्यांतले बरेचसे मग पडद्यावर दिसू लागतात: आरपीएम, इंजिनावरचा भार टक्क्यांत, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान, थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडला आहे, ठिणगी किती अंश आधी पडते आहे (टायमिंग). जोडणीला काहीच वेळ लागत नाही आणि गाडीची एकही वायर कापावी लागत नाही.

बाजारातले बहुतेक स्वस्त ॲडॉप्टर ईएलएम ३२७ या चिपच्या नकलेवर चालतात. मूळ चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण तिची आज्ञावली या क्षेत्रातली सर्वमान्य भाषा होऊन बसली आहे. नकली चिप सगळ्या सारख्या नसतात. काही चिप आवृत्तीचा मोठा आकडा सांगतात, पण त्या आवृत्तीतल्या निम्म्या आज्ञा त्यांना कळत नाहीत, आणि मग ॲप जोडले जाते, तुटते, पुन्हा जोडले जाते. म्हणून विकत घेताना खोक्यावरच्या आवृत्तीपेक्षा ‘आपल्या गाडीशी जोडणी झाली नाही तर परत घेणार का’ एवढे विचारून घेणे अधिक उपयोगाचे आहे. मी वापरतो तो ॲडॉप्टर मधल्या दर्जाचा आहे आणि जोडणी टिकवण्याच्या बाबतीत त्याने तक्रारीला जागा ठेवलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. आरपीएम म्हणजे क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, दर मिनिटाला होणारे फेरे. हा आकडा इंजिन किती वेगाने फिरते आहे ते सांगतो. ते किती कष्टाने फिरते आहे, हे त्यातून कळत नाही. ते भाराच्या आकड्यावरून कळते. पडद्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि चढाच्या रस्त्यावर गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवून पाहिली, की चित्र स्पष्ट होते. आरपीएम १,३०० च्या आसपास, काटा अगदी शांत, आणि भार मात्र नव्वदीच्या घरात गेलेला. ॲक्सिलरेटर आणखी दाबला तरी वेग वाढत नाही, गाडी उचलत नाही, आणि स्टिअरिंगला व सीटला एक जाड, संथ थरथर जाणवते. तिथेच गिअर खाली आणून इंजिन २,४०० वर नेले, की भाराचा आकडा झरझर खाली येतो आणि थरथर थांबते. रस्ता तोच, वेग तोच, चाकांना लागणारी शक्तीही तीच. पण शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले फेरे असल्यामुळे फेरे वाढले की प्रत्येक फेऱ्यात क्रँकशाफ्टवर टाकावा लागणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. १,३०० वरून २,४०० वर गेल्यावर तो जवळपास निम्म्यावर येतो. चढावर जड गिअरमध्ये सायकल रेटणाऱ्याच्या गुडघ्यांवर येणारा ताण ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कमी आरपीएम आणि जास्त भार ही जोडी इंजिनाला का मानवत नाही, याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. क्रँकशाफ्ट आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक अतिशय पातळ थर असतो आणि धातू धातूला लागू न देण्याचे काम तो करतो. हा थर नुसत्या पंपाच्या दाबाने उभा राहत नाही. शाफ्ट फिरताना ऑइल स्वतःबरोबर ओढून घेतो आणि त्या ओढीतून थराला बळ मिळते. म्हणजे फेरे कमी झाले की थर पातळ होतो आणि वरून भार वाढला की तो आणखी दबतो. त्यातच पिस्टन सावकाश चालत असल्यामुळे दाबाखालच्या गरम मिश्रणाला सिलिंडरमध्ये जास्त वेळ मिळतो आणि ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो. हेच नॉकिंग. आधुनिक इंजिनात नॉक सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू ठिणगी मागे घेतो, म्हणजे थोडी उशिरा पाडतो. असे मागे घेणे या ॲडॉप्टरवर टायमिंगच्या आकड्यात प्रत्यक्ष पाहता येते, मात्र भार वाढला की टायमिंग एरवीही थोडे मागे येते, त्यामुळे या आकड्याचा अर्थ लावताना घाई करू नये.

टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) असलेल्या, सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या लहान इंजिनांसाठी तर हा विषय अधिकच गंभीर आहे. कमी आरपीएमवर टर्बो पूर्ण दाब देत असताना कधी कधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते, आणि त्या एका स्फोटाचा दाब इतका असतो की पिस्टनच्या रिंगा किंवा रिंगांमधली कड तुटू शकते. ऑइल आणि पेट्रोल यांचे मिसळलेले थेंब हे याचे एक कारण मानले जाते, आणि ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त द्रव्यांचाही त्यात वाटा असल्याचे आढळले. म्हणूनच २०१८ मध्ये आलेल्या एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑइलच्या दर्जांमध्ये या दोषाविरुद्धची चाचणी घालण्यात आली. नॉक सेन्सर हा दोष वेळेवर आवरू शकत नाही, कारण इथे ठिणगीचा संबंधच नसतो. अशी गाडी चालवणाऱ्याने १,५०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला टेकवण्याची सवय सोडावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

वरच्या आरपीएमची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे, असे हे आकडे पाहून माझे मत झाले आहे. ती पूर्णपणे निराधार नाही. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि दोनदा उलट दिशेने धावतो. या उलटसुलट हालचालीतून कनेक्टिंग रॉडवर येणारा ओढा आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २,००० वरून ४,००० वर गेल्यास चौपट आणि ६,००० वर गेल्यास नऊपट. ज्या इंजिनाचा स्ट्रोक ८० मिलिमीटर आहे, त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग ३,००० आरपीएमला सेकंदाला ८ मीटर आणि ६,००० ला १६ मीटर होतो. पण इंजिनाची रचना करणाऱ्याने हे सगळे गृहीत धरूनच आरपीएमच्या काट्यावर कमाल मर्यादेची लाल रेषा आखलेली असते. ऑइल योग्य तापमानाला आले असेल, त्याची पातळी बरोबर असेल आणि ओव्हरटेक करताना काही सेकंद काटा ४,५०० पर्यंत गेला, तर त्यात इंजिनाचे नुकसान होत नाही. तासन्तास तसे चालवले तर झीज वाढेल आणि इंधनही जास्त जाईल, हे उघड आहे.

लाल रेषेच्या संदर्भात एक धोका मात्र खरा आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी रेव्ह लिमिटर इंधन तोडून इंजिनाला मर्यादेत ठेवतो. पण वेगात असताना चौथ्यावरून पाचव्याऐवजी चुकून तिसरा किंवा पाचव्यावरून दुसरा गिअर पडला आणि क्लच सोडला गेला, तर इंजिनाला इंधन फिरवत नसते, चाके फिरवत असतात. तिथे लिमिटर काहीही करू शकत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमच्या वेगाला पुरत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. वर्षानुवर्षे जपलेले इंजिन अशा एका क्षणात निकामी होऊ शकते.

आता तापमान, म्हणजे माझ्या दृष्टीने या उपकरणाने दाखवलेली सर्वांत मोलाची गोष्ट. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांत मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. कूलंट बऱ्याच मोठ्या पट्ट्यात कमीजास्त झाले तरी काटा मध्यावरून हलत नाही, आणि काही गाड्यांत तर काटा नसून नुसता निळा दिवा असतो. ॲडॉप्टर प्रत्यक्ष अंश दाखवतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर हा आकडा ९० अंशांच्या आसपास पोहोचायला किती वेळ घेतो ते एकदा लक्षपूर्वक पाहावे, आणि मग हे लक्षात घ्यावे की ऑइल कूलंटच्याही मागे असते. कूलंट आधी तापते, कारण ते सिलिंडरच्या भिंतींना लागून फिरते. ऑइलला पूर्ण तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. ऑइलच्या ५डब्ल्यू-३० या नावातला ‘५डब्ल्यू’ हा थंडीतल्या वर्तनाचा निर्देश असला, तरी चांगले ऑइलही थंड असताना गरम असतानापेक्षा कितीतरी घट्टच असते. शिवाय थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल दिले जाते, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. या अवस्थेत इंजिनाला जोरात रेस देणे हे गरम इंजिनाला लाल रेषेपर्यंत नेण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे.

यावर उपाय म्हणून काही जण गाडी सुरू करून बराच वेळ जागेवर उभी ठेवतात. त्याने फारसे साधत नाही, आणि पडद्यावर ते दिसतेही: आयडलिंगला तापमान फारच मंद चढते, म्हणजे इंजिन त्या वाईट अवस्थेत उलट जास्त काळ राहते. सुरू केल्यावर ऑइलचा दाब तयार होण्यापुरते काही क्षण थांबावे, मग निघावे, आणि तापमान येईपर्यंत २,००० ते २,५०० च्या दरम्यान, ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून चालवावे. ऑइलचे तापमान प्रमाणित यादीत आहे, पण माझी गाडी ते पाठवत नाही आणि इतर बऱ्याच गाड्याही पाठवत नाहीत. ही ॲडॉप्टरची नव्हे, गाडीची मर्यादा आहे. तरीही खरेदी करणाऱ्याने ते आधी जाणून असावे. मी कूलंट ९० वर आल्यानंतरही तेवढाच आणखी वेळ संयम ठेवतो.

ॲपमधल्या नोंदींवरून मिळालेला आणखी एक हिशेब मला फार बोलका वाटला. आपण सर्व्हिसिंग किलोमीटरवर मोजतो, पण इंजिनाला किलोमीटर माहीत नसतात, फेरे माहीत असतात. ताशी ९० किलोमीटरने २,५०० आरपीएमवर धावणारे इंजिन एका किलोमीटरमध्ये साधारण १,६७० फेरे घेते. तेच इंजिन गर्दीत सरासरी ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल आणि आरपीएमची सरासरी १,२०० असेल, तर एका किलोमीटरला चार मिनिटे लागतात आणि फेरे होतात ४,८००, म्हणजे जवळपास तिप्पट. शिवाय ते बहुधा अर्धवट तापलेल्या ऑइलवर होतात. लहान अंतरे, दीर्घ आयडलिंग आणि धूळ असलेल्या वापराला गाडीसोबतच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हटलेले असते व त्यासाठी ऑइल लवकर बदलायला सांगितलेले असते. ते पान बहुतेक मालक वाचत नाहीत, आणि वाचलेच तर आपली शांत, गर्दीतली गाडी त्यात मोडते असे त्यांना वाटत नाही.

डिझेलच्या बाबतीत थोडक्यात. डिझेल इंजिन कमी आरपीएमला भरपूर टॉर्क देते, म्हणून त्याला कायम १,२०० वर रेटत ठेवण्याचा मोह होतो. पण तो प्रत्येक धक्का ड्युअल मास फ्लायव्हीलच्या (इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या दुहेरी चाकाच्या) स्प्रिंगा सोसत असतात. डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत) साठलेली काजळी जाळण्यासाठी ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते, त्यासाठी ईसीयू जादा डिझेल फवारतो, आणि ही प्रक्रिया चालू असताना गाडी वारंवार बंद केली तर ते न जळलेले डिझेल ऑइलमध्ये मिसळत जाते. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर २,००० च्या वर सलग चालवणे आवश्यकच असते. काजळीचे प्रमाण दाखवणारा आकडा मात्र बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक यादीत असतो; साधी ॲप तो वाचू शकत नाहीत.

उपकरणाबरोबर येणाऱ्या ॲपचा जो भाग मला अजिबात पटला नाही, तो म्हणजे ड्रायव्हिंग स्कोअर. प्रवास संपला की ॲप शंभरपैकी गुण देते, आणि हे गुण मुख्यतः आरपीएम ठरावीक आकड्याच्या खाली किती वेळ राहिला यावर ठरतात. इंजिन थंड होते की गरम, गाडी सपाटीवर होती की चढावर, याचा त्यात विचारच नाही. त्यामुळे चढावर गिअर खाली आणून इंजिनाचा ताण हलका केला की गुण कापले जातात, आणि तीच गाडी टॉप गिअरमध्ये गुदमरत नेली की शाबासकी मिळते. डॅशबोर्डवरचा गिअर बदलण्याचा बाणही याच दिशेने झुकलेला असतो, कारण त्याचे काम इंधन वाचवणे हे आहे. पण तो निदान चढावर जोर दिल्यावर गप्प बसतो. नवशिक्या ड्रायव्हरच्या हाती हा स्कोअर देणे मला चुकीचे वाटते. तो बंद करता येतो आणि तो बंदच ठेवावा.

ॲपचा इंधनाचा तात्कालिक आकडाही सांभाळून वाचावा लागतो. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की आधुनिक इंजिन इंधन पूर्ण बंद करते. उतारावर इंजिन ब्रेकिंग करताना आरपीएम ३,००० दिसला तरी सिलिंडरमध्ये काहीच जळत नसते आणि भारही अगदी कमी असतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तर मात्र आयडलिंगपुरते इंधन जात राहते आणि ब्रेक तापतात ते वेगळेच. काही ॲप हा हिशेब फक्त आत येणाऱ्या हवेवरून करतात, त्यामुळे इंधन शून्य असतानाही पडद्यावर खप दाखवतात. माझ्या ॲपच्या सेटिंगमध्ये ही दुरुस्ती करता आली, पण ती शोधावी लागली.

बाकी उणिवा अशा. ॲडॉप्टर एका वेळी एकच प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो, म्हणून पडद्यावर जितके आकडे मांडाल तितका प्रत्येक आकडा सावकाश बदलतो. आरपीएम, भार आणि कूलंट एवढे तीनच ठेवले तर वेग समाधानकारक आहे. आठ-दहा ठेवले तर गिअर बदलून झाल्यानंतर आकडा हलतो. सॉकेटच्या १६ व्या पिनेवर बॅटरीचा पुरवठा कायम असतो, त्यामुळे गाडी बंद केली तरी साधा ॲडॉप्टर वीज घेत राहतो; गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर तो काढून ठेवावा. ब्लूटूथचा पासवर्ड बहुधा १२३४ असतो आणि बदलता येत नाही, हेही काढून ठेवण्याचे आणखी एक कारण. काही गाड्यांत तो गुडघ्याला लागेल असा बाहेर येतो. तिथे लहान एक्स्टेन्शन वायर घ्यावी आणि ती पेडलांपासून दूर बांधावी. गाडी चालवताना पडद्याकडे पाहत राहू नये. ॲप नोंद ठेवते, ती थांबल्यावर पाहावी.

चेक इंजिनाचा दिवा लागला की बहुतेक जण या उपकरणाने कोड वाचतात आणि लगेच पुसून टाकतात. पुसण्यापूर्वी ॲपमधला ‘फ्रीझ फ्रेम’ हा भाग उघडावा. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, भार किती होता, कूलंट किती अंशांवर होते, हे ईसीयूने तिथे जपून ठेवलेले असते. मिसफायर (सिलिंडरमधले मिश्रण नीट न पेटणे) थंड इंजिनात १,२०० वर झाला की गरम इंजिनात पूर्ण भाराखाली, हे कळल्यावर मेकॅनिकचा शोध निम्मा होतो. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते, म्हणून त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा आणि गाडी सर्व्हिसिंगला देताना तो दाखवावा.